बाळंतपणानंतर सुटलेलं पोट : बेल्ट, व्यायाम, मशीन की ऑपरेशन?

गोदाकाठची

मैत्रिणींनो, दुसऱ्या बाळंतपणाला दोन वर्षं होऊन गेली. पहिली डिलिव्हरी नॉर्मल, दुसरं सिझर. वजन जवळपास आधीच्या आकड्यावर आलंय, हातपाय-चेहरा पूर्वीसारखा झालाय. पोट मात्र सकाळी जरा बरं असतं आणि रात्री जेवल्यावर पाच महिने झाल्यासारखं दिसतं. हळदीकुंकवाला गेलं की कुणी ना कुणी "परत गोड बातमी का गं?" म्हणून विचारतंच. सिझरच्या टाक्यांवर कातडीची घडी येते, उन्हाळ्यात तिथे घाम साचून खाज सुटते. कंबर दुखते ती वेगळीच.

सासूबाई म्हणतात पोट नीट बांधलं नाहीस, वारा भरला. जिममधला ट्रेनर क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम) वाढवायला सांगतो. एका स्लिमिंग सेंटरने चरबी गोठवायचं पॅकेज पुढे ठेवलंय, आजच पैसे भरले तर सूट. जाऊबाई थेट टमी टक, म्हणजे पोट सपाट करायचं ऑपरेशन, करून घे म्हणतात.

यातल्या कशाने नेमकं काय होतं, ते मला समजून घ्यायचंय. "आईपणाच्या खुणा आहेत, अभिमानाने मिरव" हे खूप जणींनी मला प्रेमाने सांगितलंय, त्यामुळे ते सोडून बोलूया. तिसरं मूल नको हे आमचं पक्कं आहे.

तळकोकण

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट सव्वा महिना जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधायचे. सकाळी मालिशवाली यायची, अंघोळ, शेक-शेगडी, मग पट्टा. माझी तिन्ही बाळंतपणं अशीच झाली आणि पोट जागेवर गेलं. हल्लीच्या मुली आठ दिवसांत पट्टा सोडतात. दोन वर्षांनी बांधून उपयोग होतो का, ते मात्र मला ठाऊक नाही.

फिजिओ_करवीर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतपणानंतरच्या बायकांसोबतच काम करते. जरा सविस्तर लिहिते.

"सुटलेलं पोट" म्हणतो त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात : सैल पडलेली कातडी, कातडीखालची चरबी, पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये पडलेलं अंतर आणि हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतला भाग बाहेर येणं. बऱ्याच जणींत दोन-तीन एकत्र असतात. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. चरबीचं मशीन स्नायूंचं अंतर भरत नाही, व्यायामाने लोंबती कातडी आखडत नाही, क्रीमने चरबी जात नाही. बायकांचे पैसे वाया जातात ते इथेच. कुठला थर बिघडलाय हे न बघताच पॅकेज विकलं जातं.

तुझं वर्णन वाचून मला सगळ्यात आधी स्नायूंची शंका येते. बेंबीच्या दोन्ही बाजूंनी छातीपासून ओटीपोटापर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांना मधोमध जोडणारा एक चिवट पडदा असतो, त्याला लिनिया अल्बा म्हणतात. गर्भ वाढतो तसा तो ताणून रुंद होतो. शेवटच्या महिन्यात हे जवळपास प्रत्येकीलाच होतं. बाळंतपणानंतर पहिल्या आठ आठवड्यांत तो सगळ्यात वेगाने सावरतो, पुढे वेग मंदावतो. काही जणींत अंतर राहून जातं, त्याला डायस्टेसिस रेक्टाय म्हणतात. पुढून धरून ठेवणारी भिंतच सैल असल्यामुळे बाई बारीक असली तरी पोट पुढे येतं, आणि दिवसभराच्या खाण्याने, गॅसने संध्याकाळी जास्त फुगतं.

घरी असं बघ. पाठीवर झोप, गुडघे दुमडून पाय जमिनीवर. बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेव आणि फक्त डोकं-खांदे किंचित उचल. दोन कडांच्या मध्ये किती बोटं बसतात? बेंबीवर आणि बेंबीखालीही बघ. साधारण दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर अंतर आहे असं धरतात. बोटांइतकाच खोलीला अर्थ आहे. बोट मऊ लोण्यासारखं आत जातं, की तळाशी काहीतरी ताणलेलं लागतं? ताण लागत असेल तर पडदा काम करतोय.

डोकं उचलताना मधोमध उंचवटा येत असेल तर क्रंचेस, दोन्ही पाय एकदम उचलणं आणि लांब प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून धरणं) सध्या बंद. त्याऐवजी श्वास सोडताना ओटीपोट हलकं आत घेणं, त्यासोबत लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू वर ओढणं, मग एकेक टाच सरकवणं, असं हळूहळू वाढवायचं. शिंकताना थेंब-थेंब लघवी होते का, तेही सांग. लाजू नकोस, निम्म्याअधिक जणी मला हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात आणि तोवर महिना गेलेला असतो.

तळकोकण ताई, पट्ट्याने आधार मिळतो, सिझरनंतर चालताना-खोकताना दुखणं कमी होतं, म्हणून मी स्वतः तो वापरायला सांगते. पण सुरुवातीला मोठं दिसणारं पोट बरंचसं गर्भाशयाचं असतं आणि ते सुमारे सहा आठवड्यांत आपणहून आकसतं. सव्वा महिना बांधून पोट आत गेल्यासारखं वाटतं त्याचं मोठं कारण तेच. पट्टा फार आवळला तर दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो, ते वाईट. सैल बांधल्यामुळे कुणाचं पोट सुटलं असं मी सासूबाईंना तरी म्हणू देणार नाही.

गोदाकाठची

खूप खूप आभार! आत्ताच बघितलं. बेंबीवर तीन बोटं आरामात जातात, वर दोन. खाली फारसं नाही. आणि हो, डोकं उचललं की मधोमध उभा फुगवटा येतो. खोकल्यावर बेंबीही बाहेर येते, दाबली की आत जाते. शिंकेचंही खरं आहे. ट्रेनरला उद्यापासून क्रंचेस बंद म्हणून सांगते.

डॉ_मुळामुठा

मी पुण्यात प्लास्टिक सर्जन आहे. तुम्हाला न तपासता निदान करणार नाही, पण खोकल्यावर बेंबी बाहेर येणं आणि दाबल्यावर आत जाणं हे बेंबीच्या हर्नियाचं लक्षण असू शकतं. आधी जनरल सर्जनला दाखवा, पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी सांगतील. तोवर पोटावर कुठलंही मशीन लावून घेऊ नका. हर्निया असलेल्या जागी चरबी गोठवण्याचं यंत्र लावत नाहीत. तो फुगवटा कधी कडक झाला, आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता शस्त्रक्रियांबद्दल.

लायपोसक्शनमध्ये कातडीखालची चरबी बारीक नळीने ओढून काढतात. कातडी लवचीक आणि स्नायू धड असतील तर निकाल छान येतो. कातडी सैल असताना नुसती चरबी काढली तर ती आणखी लोंबते. वजन कमी करायचा हा उपाय नव्हे.

टमी टक, म्हणजे अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी, हे मोठं ऑपरेशन आहे. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चीर, कातडी वर उचलून सैल पडलेला मधला पडदा टाक्यांनी घट्ट करणं, जास्तीची कातडी कापून काढणं आणि बेंबीला नव्या जागी वाट करून देणं. पूर्ण भूल, साधारण दोन ते चार तास. बेंबीखालची कातडी जाते तिच्यासोबत तिथले स्ट्रेच मार्क्स आणि बहुतेक वेळा सिझरचा व्रणही जातो. बेंबीच्या वरच्या भागातले स्ट्रेच मार्क्स जात नाहीत, फक्त खाली सरकतात. मिनी टमी टकमध्ये चीर लहान असते, पण काम बेंबीखालीच होतं. तुमचं अंतर बेंबीवर आणि वर आहे, त्यामुळे कुणी मिनी सुचवलं तर का ते नीट विचारा.

व्रण कायमचा राहतो. पहिलं वर्षभर तो लालसर-काळपट दिसतो, मग फिका होत जातो. अंतर्वस्त्राखाली झाकला जाईल असा घेतात. आपल्याकडच्या कातडीला व्रण जाड होण्याची, केलॉइडची प्रवृत्ती असू शकते, म्हणून सिझरचा टाका कसा भरला ते आम्ही आवर्जून बघतो. खालच्या पोटाला बधिरपणा येतो, तो महिनोन् महिने राहतो, थोडा कायमही राहू शकतो. कातडीखाली पाणी साचणं, रक्त साचणं, जंतुसंसर्ग, मधल्या भागातली कातडी मरणं हे धोके आहेत. सगळ्यात गंभीर धोका पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा. म्हणून लवकर चालवतात, पायांना दाबाचे मोजे घालतात, गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देतात. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर ते लपवू नका, त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो.

कधी करावं? बाळंतपणानंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्ष जाऊ द्यावं, अंगावरचं दूध बंद होऊन तीन-चार महिने झालेले असावेत, वजन स्थिरावलेलं असावं आणि पुढे मूल नको हे ठरलेलं असावं. नंतर दिवस राहिले तरी गर्भाला सहसा अडचण येत नाही, पण केलेलं काम पुन्हा ताणलं जातं.

ठाणेकरीण७

डॉक्टर, माझी बहीण नवव्या महिन्यात आहे, सिझर ठरलंय. त्याच वेळी टमी टक उरकून घेता येईल का, असं ती विचारतेय.

डॉ_मुळामुठा

नको. त्या वेळी गर्भाशय मोठं असतं, कातडी आणि स्नायू ताणलेले असतात, अंगावर सूज असते. किती कातडी काढायची याचा अंदाजच येत नाही. रक्तस्राव आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. बाळाला पाजायचं, रात्री उठायचं, त्यात हे ऑपरेशन नको. आणि सिझरमध्ये पोटाचे उभे स्नायू कापतात असं बऱ्याच जणींना वाटतं. ते सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. स्नायूंचं अंतर गरोदरपणामुळेच पडतं, म्हणून नॉर्मल झालेल्यांनाही ते असतं.

चाफेकळी

चरबी गोठवण्याबद्दल मी बरंच वाचलं होतं, कारण मलाही असंच पॅकेज दिलं होतं. याला क्रायोलिपोलिसिस म्हणतात. थंडीने चरबीच्या पेशी मरतात, कातडीला इजा होत नाही, मग शरीर त्या पेशी दोन-तीन महिन्यांत हळूहळू बाहेर काढतं. अमेरिकेत कमरेच्या बाजूंसाठी २०१० मध्ये आणि पोटासाठी २०१२ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे थोतांड नव्हे. पण लावलेल्या जागेची चरबी साधारण पाचवा हिस्सा कमी होते, एवढंच. मुळात चिमटीत धरण्याइतकी छोटी वळी असेल तर फरक दिसतो. सैल कातडी आणि स्नायू यांना काही फायदा नाही. आणि क्वचित उलटंही होतं, त्या जागेची चरबी कडक होऊन वाढते. लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलने आपल्याला हेच झाल्याचं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, तेव्हा जगभर चर्चा झाली. मग ती चरबी घालवायला शेवटी लायपोसक्शन किंवा ऑपरेशनच लागतं. सेंटरमध्ये या धोक्याबद्दल विचारलं तर समोरच्या मुलीने तो शब्दही ऐकलेला नव्हता. मी पैसे भरले नाहीत.

चरबी विरघळवायच्या इंजेक्शनांबद्दलही लिहिते, कारण ब्युटी पार्लरमध्येसुद्धा ती द्यायला लागलेत. डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडला अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोटाला टोचून घेऊ नका गं, कुणी कितीही स्वस्तात देवो.

फिजिओ_करवीर

चाफेकळी, मनापासून अनुमोदन. स्नायू आकुंचित करणारी चुंबकीय मशीनंही आता शहरांत आलीत. छोट्या अभ्यासांत अंतर थोडं कमी झाल्याचं दिसलंय, पण महागडं आहे, आणि नंतर व्यायाम सोडला तर टिकणार कसं?

जास्वंद_वऱ्हाड

माझं पोट आत गेलंय, पण स्ट्रेच मार्क्स खूप आहेत. साडी बेंबीवर नेसते. यावर काही आहे का? खोबरेल, बदाम तेल, महागडी क्रीमं सगळं झालं.

चर्मरोग_सातारा

जास्वंद, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तेल-क्रीमने कातडी मऊ राहते, खाज कमी होते, पण झालेले मार्क्स पुसल्याचा भरवसा देता येत नाही. मार्क्स लालसर-जांभळे असतानाच उपचारांना जास्त दाद देतात. पांढरे झाले की ते भरून आलेले व्रणच असतात. तेव्हा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझरने (ठिपक्याठिपक्यांनी दिलेल्या लेझरने) पोत सुधारतो, कडा मवाळ होतात, पूर्ण नाहीसे होत नाहीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लेझर जोरात लागला तर काळे डाग पडतात आणि ते जायला महिने लागतात. म्हणून आधी लहानशा जागी करून बघायला सांगा. मार्क्सवर लावतात ते ट्रेटिनॉइन क्रीम गरोदरपणात वापरायचं नाही, अंगावर पाजत असताना टाळायचं. बेंबीपासून खाली जाणारी काळी रेघ मात्र सहसा आपोआप फिकी होते, तिच्यावर खर्च करू नका.

गोदाकाठची, घडीतल्या खाजेसाठी : जागा कोरडी ठेवा, सुती कापड ठेवा, आणि ती बुरशी आहे का ते दाखवून घ्या. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मेडिकलमधून स्वतःहून आणून लावू नका, बुरशी चिघळते.

निळावंती_लिऑं

मी फ्रान्समध्ये राहते. इथे बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओची सेशन्स डॉक्टर किंवा दाई लिहून देते आणि खर्च सरकारी विमा उचलतो. बऱ्याच बायका करतात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. आधी खालचे स्नायू, ते धड झाले की मगच पोटाचे, हा क्रम काटेकोर पाळतात. माझ्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला शिंकताना कापड लागायचं, बायकांचं असंच असतं म्हणून सोडून दिलं." तिची पन्नाशी त्यातच गेली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. गोदाकाठची, ऑपरेशन कर वा न कर, शिंकेचं दुखणं सोडून देऊ नकोस.

सांजवात

मी वेगळं मत मांडते, रागावू नका. बाईच्या पोटावर चीर देऊन ते सपाट करायचं, तेही लाखो रुपये घालून, हे मला पटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी कधी पोटाकडे बघितलं नाही. घरात लहान मुलं आहेत, ऑपरेशनमध्ये काही बरंवाईट झालं तर? मला खरंच काळजी वाटते.

डोंगरवाट

सांजवात, काळजी पोचली, आणि ऑपरेशनच्या धोक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ज्या बाईची कंबर दुखते, कातडीच्या घडीत खाज येते, जिला प्रत्येक समारंभात "गोड बातमी" विचारतात, तिचं म्हणणं हौस म्हणून बाजूला कसं सारायचं? आजीने पोटाकडे बघितलं नाही, की तिला कुणी विचारलं नाही?

मी दीड वर्षापूर्वी टमी टक केलं. जुळी मुलं होती, अंतर पाच बोटांचं, आणि बराच काळ नीट फिजिओ करूनही पडद्याला ताण येत नव्हता. कुणी सांगत नाही असं लिहिते.

पहिला आठवडाभर सरळ उभं राहता येत नाही. पाठीत वाकूनच चालायचं, झोपायचं तेही पाठीखाली उशा रचून, गुडघ्यांखाली लोड घेऊन. पोटातून दोन नळ्या बाहेर, त्यांत साचणारं पाणी रोज मोजून लिहायचं. शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरायची. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, जोर लावला की ब्रह्मांड आठवतं. प्रेशर गार्मेंट, म्हणजे पोटावर घट्ट बसणारा कपडा, सहा आठवडे, अंघोळीपुरतं काढायचं. म्हणून मी थंडीचे दिवस निवडले, आपल्या मे महिन्यात ते अंगावर सहन होणार नाही. सूज पूर्ण उतरायला सहा महिने गेले. पहिल्या महिन्यात आरशात बघून रडले होते, ते सुजेमुळे होतं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट : सहा आठवडे मूल उचलायचं नाही. दोन वर्षांचं मूल दहा-बारा किलोचं असतं आणि ते "उचलून घे" म्हणतंच. कणीक मळणं, भरलेला कुकर उतरवणं, पाण्याची बादली, सगळं बंद. तेवढे दिवस घरात दुसरं माणूस नक्की असेल, तरच तारीख घे. नवऱ्याने रजा काढली, माझी आई येऊन राहिली, म्हणून जमलं. सासरी फक्त हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं, कारण मला तेव्हा वाद घालायची ताकद नव्हती.

कंबरदुखी बरीच कमी झाली. पोटाचा खालचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. मला पुन्हा विचारलं तर पुन्हा करेन.

ठाणेकरीण७

विम्यातून मिळतं का? खर्च कसा धरायचा?

डोंगरवाट

कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून वगळलेली असते, पॉलिसीत 'एक्सक्लूजन ०८' म्हणून लिहिलेलं सापडेल. हर्निया असेल तर तेवढ्या भागाचा दावा होऊ शकतो, पण त्याला प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर दावा करता न येणारा काळ) असतो, तो बघा. दोन्ही एकत्र करणार असाल तर बिलं वेगळी कशी निघतील ते हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या टेबलाला, आधीच विचारून लेखी घ्या. सर्जन जो आकडा सांगतात त्यात भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, गार्मेंट, औषधं धरली आहेत का? आणि जीएसटी? साध्या उपचारांना तो नसतो, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के लागतो. मला ते शेवटी कळलं असतं तर हिशेब कोलमडला असता.

डॉ_मुळामुठा

डोंगरवाट यांचा प्रतिसाद मी माझ्या पेशंट्सना वाचायला देणार आहे. त्यात थोडी भर.

सर्जन निवडताना एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच किंवा डीआरएनबी (या विषयातल्या पुढच्या पदव्या) केलंय का ते बघा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही त्याच्या बरोबरीची पदवी नाही. नोंदणी क्रमांक मागा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. ऑपरेशन आयसीयूची सोय असलेल्या हॉस्पिटलात आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, हे विचारा. फक्त फोटो दाखवणाऱ्यापेक्षा व्रणाचे जवळून घेतलेले फोटो दाखवणारा सर्जन बरा. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी निदान तपासणी आणि सल्ल्यासाठी पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे इथल्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत जावं. हर्नियाचं ऑपरेशन तर सरकारी रुग्णालयात होतंच.

पोट, छाती, लायपो सगळं एकाच दिवशी करून देणाऱ्या "मम्मी मेकओव्हर" पॅकेजबद्दल सावध राहा. काही जणींत दोन गोष्टी एकत्र करता येतात, पण जितकं ऑपरेशन लांबतं तितका गुठळीचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते भरून काढायचं. घाई करण्यासारखं यात काहीच नाही.

माणदेशी

डॉक्टर, मी पहिल्यांदाच लिहितेय. मला टमी टक करायचंय, दोन्ही मुलं मोठी आहेत, पैसे स्वतःचे साठवलेत. पण मी लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. हे इथे विचारायचं की नाही कळत नव्हतं. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी सिगारेट-दारू विचारली, मी नाही म्हणाले. मिश्रीचं कुणी विचारलं नाही.

डॉ_मुळामुठा

माणदेशी, विचारलंत हे फार बरं केलंत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आखडतात. टमी टकमध्ये कातडी मोठ्या भागावरून उचललेली असते, तिला रक्त आधीच कमी मिळत असतं. त्यात निकोटिन असेल तर मधली कातडी काळी पडून मरते, जखम उघडते, महिनोन् महिने ड्रेसिंग लागतं. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद हवी. चघळायची तंबाखू, गुटखा, निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा यात धरा. तुमच्या सर्जनला उद्याच फोन करून सांगा, आणि भूलतज्ज्ञांनाही वेगळं सांगा. ते रागावणार नाहीत. तारीख पुढे ढकलली तर ती तुमच्या भल्यासाठीच आहे.

माणदेशी

सांगते. मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. त्याला काय करू?

फिजिओ_करवीर

पहिले आठ-दहा दिवस त्रास होतो, मग कमी होतो. उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी-काकडी, रात्री भिजवलेले मनुके. तल्लफ आली की दात साध्या पेस्टने घासून बडीशेप चघळा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. आणि पोटाचे हलके व्यायाम ऑपरेशनआधीच सुरू करा, नंतर उठता-बसताना उपयोगी पडतात. कसे करायचे ते मी मेसेजमध्ये पाठवते.

गोदाकाठची

सोनोग्राफी झाली. बेंबीचा हर्निया आहे, लहान आहे. सर्जन म्हणाले घाई नाही, आधी वजन आणि खोकला सांभाळा. स्लिमिंग सेंटरला नाही म्हणून कळवलं. करवीर ताईंनी सुचवलेल्या फिजिओकडे नाशिकमध्ये नाव नोंदवलंय, सहा महिने नेमाने करणार आणि मग हर्निया व पडदा एकत्र शिवायचं का, ते प्लास्टिक सर्जनशी बोलून ठरवणार. डोंगरवाट, तुला एक विचारायचं होतं : नळ्या काढताना दुखतं का?

डोंगरवाट

ओढल्यासारखं वाटतं, क्षणभर. नर्सला आधी सांगून ठेव, श्वास सोडताना काढायला लाव. त्याआधी तासभर दुखण्याची गोळी घेतलेली असू दे.